ट्रम्पचं टॅरिफ आणि आपला भाव : व्यापाऱ्याने हे कारण सांगितलं तर आधी काय विचारायचं?

बोर्ली पंचतन (ता. श्रीवर्धन) : गेल्या महिन्यात असोली सुपारी बघायला एक व्यापारी आमच्या खळ्यात आला. मूठभर सुपारी उचलली, एक फोडून बघितली, मान हलवली आणि भाव सांगितला. मागच्या वेळेपेक्षा बराच खाली. मी विचारलं, एवढा कमी का हो? तर म्हणाला, "बातम्या बघत नाही काय? ट्रम्पने टॅरिफ लावलंय, पन्नास टक्के."

आता बातम्या लिहिणारा माणूस मीच. तरी दोन मिनिटं गप्प बसलो, कारण पन्नास टक्के हा आकडा खरा होता. ओटीवर बसलेले बाबा मात्र बोलले, "काय रे, आपली सुपारी अमेरिकेत कोण खातो?" व्यापारी हसला आणि त्याने विषय बदलला.

त्यानंतर मी मुद्दाम चौकशी करत फिरलो. हेच कारण मला आणखी दोन ठिकाणी ऐकू आलं. तळ्यात कोळंबी वाढवणाऱ्या एका ओळखीच्याला ते सांगितलं गेलं, आणि बंदरावर समुद्राची कोळंबी घालणाऱ्या एका नाखव्यालाही. तळ्यावर कारण खरं निघालं. बंदरावर अर्धं खरं. आमच्या खळ्यात साफ खोटं.

म्हणून हा लेख. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, तळा या भागातले बागायतदार, मच्छीमार, काजू-कोकमवाले, बचत गट आणि छोटे व्यावसायिक यांनी हा जपून ठेवावा. यातली माहिती डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीपर्यंतची आहे. दर बदलू शकतात, विचारायचे प्रश्न तेच राहतात.

टॅरिफ म्हणजे काय? जकातच!

जुन्या लोकांना जकात माहीत आहे. आपला टेम्पो मुंबईला जायचा तेव्हा मानखुर्दच्या नाक्यावर जकात भरावी लागायची. २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात बंद झाली. टॅरिफ म्हणजे देशाच्या नाक्यावरची जकात. एका देशाचा माल दुसऱ्या देशात शिरताना तो देश जे शुल्क घेतो ते टॅरिफ.

यात दोन गोष्टी पक्क्या समजून घ्या.

पहिली : हे शुल्क भरतो तिकडचा आयातदार. अमेरिकेच्या बंदरात माल उतरला की तिथला खरेदीदार आपल्या सरकारला पैसे भरतो. बोर्लीतला शेतकरी किंवा दिघीचा नाखवा एक रुपयाही थेट भरत नाही. पण तो खरेदीदार मग इथल्या निर्यातदाराला म्हणतो, मला माल महाग पडतोय, तू दर कमी कर. निर्यातदार ते कारखान्यावर ढकलतो, कारखाना एजंटवर आणि एजंट आपल्यावर. आपल्या खाली कुणी नाही, म्हणून ते आपल्यापाशी येऊन थांबतं.

दुसरी : टॅरिफ दोन बाजूंनी असतं. अमेरिकेने आपल्या मालावर लावलेलं एक, आणि भारताने बाहेरच्या मालावर लावलेलं दुसरं. पहिल्याने आपलं नुकसान होतं, दुसऱ्याने बरेचदा आपलं रक्षण होतं. बागेला गडगा असतो तसा. कुठला गडगा शेजाऱ्याचा आणि कुठला आपला, हे कळलं की निम्मा गोंधळ संपतो.

अमेरिकेचं टॅरिफ : तारखा काय सांगतात?

- ५ एप्रिल २०२५ : बहुतेक सर्व देशांच्या मालावर १० टक्के जादा शुल्क सुरू.
- ७ ऑगस्ट २०२५ : भारताच्या मालावर ते २५ टक्के झालं.
- २७ ऑगस्ट २०२५ : रशियाकडून तेल घेतल्याचं कारण देऊन आणखी २५ टक्के. एकूण ५० टक्के.
- १४ नोव्हेंबर २०२५ : अमेरिकेतच महागाईची ओरड झाली, त्यामुळे चहा, कॉफी, मसाले, उष्ण प्रदेशातली फळं अशा काही शेतमालाला 'परस्पर शुल्का'तून सूट देण्याचा आदेश निघाला. कोळंबी त्या सुटीत नव्हती.

ही शेवटची तारीख ध्यानात ठेवा. व्यापारी ऑगस्टची बातमी सांगतात, नोव्हेंबरची सांगत नाहीत.

कुठल्या मालाला काय लागू आहे?

१) सुपारी

श्रीवर्धनी रोठा सुपारी आपल्या देशातच खपते. तिच्या भावाचा अमेरिकेच्या टॅरिफशी संबंध नाही. सुपारीला संबंध आहे तो भारताच्या स्वतःच्या गडग्याशी. बाहेरून येणाऱ्या सुपारीवर भारताचं मूळ आयात शुल्क १०० टक्के आहे. शिवाय फेब्रुवारी २०२३ पासून किलोला ३५१ रुपये ही किमान आयात किंमत ठरलेली आहे, आधी ती २५१ होती. त्याहून कमी किमतीची सुपारी रीतसर आणता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये भाजलेल्या सुपारीलाही हाच नियम लावला, कारण काही जण सुपारी 'भाजलेली' दाखवून पळवाट काढत होते.

हा गडगा उंच आहे तोवर आपल्याला आधार आहे. तो कुठे कुठे फुटतो. शेजारच्या काही देशांशी व्यापार करार आहेत, त्यात शुल्क कमी लागतं. दुसऱ्याच मालाच्या नावाखाली कंटेनरमध्ये लपवून आणलेली सुपारी आपल्याच जिल्ह्यातल्या न्हावा शेवा बंदरात अनेकदा पकडली गेली आहे. अशी सुपारी बाजारात उतरली की भाव दबतो. म्हणजे सुपारीच्या भावाबद्दल विचारायचंच असेल तर अमेरिकेचं विचारू नका, बाहेरची सुपारी किती आली ते विचारा.

आपल्याकडे हा विषय साधा नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दिवेआगर, श्रीवर्धन, बोर्ली पट्ट्यातल्या पोफळी आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं जातात. ज्यांनी वादळानंतर नवीन रोपं लावली, त्यांच्या बागा आता कुठे उत्पन्नाच्या तोंडाशी आल्यात. पहिलाच माल खोट्या कारणाने स्वस्तात देऊन बसायचं नाही.

२) समुद्राची कोळंबी

हे अनेक नाखव्यांना माहीत नाही. ट्रॉलरने समुद्रातून पकडलेली भारताची कोळंबी अमेरिका गेली काही वर्षं घेतच नाही. कारण टॅरिफ नाही, कासव आहे. जाळ्यात अडकलेलं कासव बाहेर पडावं म्हणून जाळ्याला एक साधन बसवावं लागतं. ते आपल्याकडे बसवलं जात नाही म्हणून अमेरिकेने बंदी घातली. दिवेआगर, हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर आपण कासवांची अंडी राखतो, आणि त्याच कासवावरून आपल्या कोळंबीला तिकडचं दार बंद आहे.

म्हणजे समुद्राच्या कोळंबीवर ५० टक्के टॅरिफ थेट लागलंच नाही. मग अर्धं खरं कसं? अमेरिकेत जाणारी तळ्यातली कोळंबी तिकडे कमी गेली की ती चीन, जपान, युरोप आणि देशातल्या बाजाराकडे वळते. तिथे माल वाढला की आपल्या कोळंबीवरही दाब येतो. पण हा दाब आडून आलेला, तो पन्नास टक्क्यांचा नसतो. कुणी पन्नास टक्क्यांच्या हिशोबाने भाव पाडत असेल तर ते बरोबर नाही.

३) तळ्यातली कोळंबी (व्हेनामी)

इथे फटका खरा आहे. २०२४-२५ मध्ये भारताने १६,९८,१७० टन मासळी निर्यात केली, किंमत ६२,४०८ कोटी रुपये. यात सर्वात मोठा वाटा गोठवलेल्या कोळंबीचा आणि सर्वात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. कोळंबीवर आधीपासूनच २.४९ टक्के आणि ५.७७ टक्के अशी दोन वेगळी शुल्कं होती. ५० ची भर पडून एकूण ५८.२६ टक्के झालं. त्याच वेळी इक्वेडोरच्या मालावर वाढीव शुल्क १५ टक्के, इंडोनेशियावर १९, व्हिएतनामवर २०. साहजिकच तिकडचा खरेदीदार त्यांच्याकडे वळतो.

हिशोब सोपा करून बघू. समजा निर्यातदाराचा माल अमेरिकेच्या बंदरात १०० रुपयांना उतरला. २०२५ च्या त्या दराने तिथल्या खरेदीदाराला तो १५८ ला पडायचा. इक्वेडोरचा १०० चा माल नव्या १५ टक्क्यांनी ११५ ला, आणि त्यांची जुनी शुल्कं असतील ती वर. मधला फरक कुणी सोसायचा यावरून भांडण आहे, आणि ते भांडण शेवटी तळ्याच्या बांधावर येतं.

म्हणून तळेवाल्यांनी बी सोडण्याआधीच बोलणी करावी. कुठल्या काउंटला काय भाव मिळेल, माल कुठल्या देशात जाणार, हे आधी विचारावं. सगळी तळी एकदम भरण्यापेक्षा टप्प्याने भरावी. खाद्याची उधारी आणि माल त्यालाच घालायची अट एकाच माणसाकडे असेल तर भाव बोलायला तोंडच उरत नाही, हे ओळखीच्या तळेवाल्याने मला सांगितलं आणि ते पटलं.

४) माकुल, पापलेट, सुरमई, वाकटी

हा माल बराचसा तळोज्याच्या कारखान्यांतून चीन, युरोप, आखात, जपानकडे जातो, नाहीतर मुंबईच्या बाजारात खपतो. अमेरिकेचं नाव कुणी घेतलं तर देश कुठला ते विचारा.

५) हापूस

रायगडचा हापूसही २०१८ च्या भौगोलिक मानांकनात आहे. परदेशी जाणारा भारतीय आंबा मोठ्या प्रमाणात आखाती देशांत जातो. अमेरिकेचा रस्ता २००७ ला उघडला, पण त्यासाठी आंब्यावर विकिरण प्रक्रिया करावी लागते. ती आपल्या राज्यात वाशी आणि लासलगावला होते. एवढ्या कटकटीमुळे अमेरिकेला जाणारा आंबा आधीपासून थोडकाच. त्यात १४ नोव्हेंबरच्या सुटीतल्या फळांत आंबा येतो. तेव्हा येत्या एप्रिलमध्ये कुणी "टॅरिफमुळे पेटीचा भाव कमी" म्हणाला, तर ही तारीख त्याच्यापुढे ठेवा आणि त्या दिवशीचा दर काय ते दाखवायला सांगा.

आंब्याचा खरा धडा वेगळाच आहे. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत प्रक्रिया झालेल्या १५ खेपा अमेरिकेने विमानतळावर नाकारल्या. कारण कागदपत्रातली त्रुटी. परत आणायचा खर्च जास्त म्हणून तो आंबा तिथेच नष्ट करावा लागला. शुल्क कितीही असलं तरी माल विकता येतो, कागद चुकला तर फेकावा लागतो.

६) काजू बी

इथेही अमेरिकेपेक्षा आपला गडगा महत्त्वाचा. आपल्याकडचे काजू कारखाने आफ्रिकेतल्या देशांतून कच्ची काजू बी आणतात. तिच्यावरचं आयात शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात ५ वरून २.५ टक्के केलं. हा गडगा अगदीच बुटका, म्हणून कोकणातल्या बीला भाव मिळत नाही अशी शेतकऱ्यांची तक्रार जुनीच आहे.

७) परदेशातल्या नातेवाइकांना पार्सल

दिवाळीत याचा त्रास घरोघर झाला. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला शुल्क माफ असायचं. ती सूट २९ ऑगस्ट २०२५ ला बंद झाली. आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं थांबवली होती, ती १५ ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू केली. २०२५ मध्ये पद्धत अशी होती : पार्सलवर जी किंमत लिहाल तिच्या ५० टक्के शुल्क इथेच आगाऊ भरायचं. १०० डॉलरपर्यंतची भेटवस्तू मात्र शुल्कमुक्त आहे.

म्हणजे न्यू जर्सीतल्या पुतणीला आंबापोळी आणि चकल्या भेट म्हणून पाठवल्या तर एक हिशोब, आणि बचत गटाने ४,००० रुपयांचा माल विकला तर त्या दराने २,००० रुपये शुल्क आणि टपालखर्च वेगळा. विकलेला माल 'भेट' म्हणून लिहू नका, पकडलं तर पार्सल अडकतं. गिऱ्हाइकाला शुल्क धरूनच किंमत सांगा. खायच्या वस्तूंचे तिकडचे नियम वेगळे आहेत, ते पोस्टात आधी विचारा.

भाव पाडला तर विचारायचे सहा प्रश्न

हे प्रश्न भांडायला नाहीत. शांतपणे, चहा देऊन विचारा.

१. हा माल कुठल्या देशात जातो? देशातच जात असेल तर टॅरिफ कसलं?
२. अमेरिकेत जात असेल तर आजचा दर किती आणि तो कधीपासून?
३. पन्नासातलं किती तिकडच्याने सोसलं, किती निर्यातदाराने, किती तुम्ही? सगळं माझ्याच डोक्यावर का?
४. ऑगस्टच्या आधी हाच माल तुम्ही काय भावाने घेतला? तेव्हाची पावती आहे का?
५. उद्या दर उतरला तर मला फरक देणार का? तसं लिहून द्याल का?
६. पैसे किती दिवसांत?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. टॅरिफ वाढलं की भाव त्याच दिवशी उतरतो, टॅरिफ कमी झालं की भाव चढायला हंगाम जातो. लिहून घेतलं नसेल तर बोलायला जागा नाही.

प्रश्नांच्या जोडीला आणखी दोन ठिकाणचा भाव फोनवर काढा. सुपारीसाठी गावचा सुपारी संघ आणि मंगळूरची कॅम्पको. कॅम्पकोची सुपारी वेगळ्या जातीची, म्हणून भाव तसाच्या तसा लावू नका, पण बाजार चढतोय की उतरतोय ते समजतं. आंब्याला वाशी बाजार समिती. मासळीला दोन बंदरांचा लिलाव.

कोणते कागद जवळ असावेत?

- पावती : किती माल, कुठला दर्जा, काय भाव, कुठली तारीख. कोऱ्या चिठ्ठीवर का होईना, सही घ्या. फोनवर बोलणं झालं तर लगेच व्हॉट्सअॅपवर "ठरल्याप्रमाणे" म्हणून लिहून पाठवा.
- उद्यम नोंदणी : ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. कोकम सरबत, आंबापोळी, पापड, सोडे सुकवून पॅकिंग असं काही तयार करून विकणाऱ्यांनी जरूर करावी. नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. नाही दिले तर ऑनलाइन तक्रार करता येते.
- अन्न परवाना : वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असेल तर साधी नोंदणी पुरते, फी वर्षाला १०० रुपये.
- आयात-निर्यात कोड (आयईसी) : स्वतः परदेशात माल पाठवायचा तर लागतो. फी ५०० रुपये, पॅनकार्डवर निघतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती अद्ययावत करावी लागते, नाहीतर बंद पडतो.
- आंबा बागेची निर्यातीसाठी नोंदणी : तालुका कृषी कार्यालयात. हंगाम सुरू व्हायच्या आधी करा.
- तळ्याची नोंदणी : तटीय जलकृषी प्राधिकरणाकडे. ती नसेल तर माल कुठून आला हे दाखवता येत नाही आणि चांगला खरेदीदार हात लावत नाही.

सरकारी सवलती : कुणाला आहेत, कुणाला नाहीत

इथे गैरसमज फार आहेत. १२ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राने निर्यातदारांसाठी २०,००० कोटींपर्यंतच्या कर्जहमीची योजना मंजूर केली. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने टॅरिफचा फटका बसलेल्या क्षेत्रांतल्या निर्यातदारांना १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरच्या हप्त्यांना मुदतवाढ देण्याची मुभा बँकांना दिली. परदेशातून पैसे आणायची मुदत ९ महिन्यांवरून १५ महिने केली. मासळीचा धंदा यात आहे.

पण नीट वाचा. हे सगळं निर्यातदाराला आहे. तळेवाला, नाखवा, बागायतदार यांचे हप्ते याने आपोआप थांबत नाहीत. "आता हप्ता भरायचा नाही" असं ऐकून बसलात तर खातं थकीत होईल. अडचण असेल तर हप्ता चुकायच्या आधी बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

याचा उपयोग आपल्याला दुसऱ्या बाजूने आहे. खरेदीदार म्हणाला, "बाहेरून पैसे आले नाहीत, थांबा", तर त्याला सांगता येतं की तुम्हाला बँकेने सवलत दिली आहे, मग आमची थकबाकी तरी वेळेत द्या.

आपल्यासाठी थेट असलेल्या दोन गोष्टी : मच्छीमार आणि तळेवाल्यांनाही किसान क्रेडिट कार्ड मिळतं, सावकारी उचलीपेक्षा ते केव्हाही स्वस्त. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून टिकवलेली मासळी, जॅम-जेली यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. जुन्याच दराने बिल लावलं नाही ना, ते बघा.

दुसरे बाजार कुठले?

एकाच गिऱ्हाइकावर धंदा नको, हे या वर्षाने शिकवलं. ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ ला करार झाला. त्यात आपल्या कोळंबीवरचं तिकडचं शुल्क शून्य करायचं ठरलं. युरोपने सप्टेंबरमध्ये भारतातल्या आणखी १०२ मासळी कारखान्यांना परवानगी दिली. पण युरोप औषधांच्या अंशाबाबत फार कडक आहे, आपल्या तळ्यातल्या कोळंबीच्या निम्म्या खेपा तिथे तपासल्या जातात. तळ्यात बंदी असलेलं अँटिबायोटिक टाकलं तर एकट्याचं नाही, सगळ्यांचं दार बंद होतं. संयुक्त अरब अमिरातीशी करार मे २०२२ पासून लागू आहे, आंब्याला आणि मासळीला तो जवळचा बाजार.

आणि एक बाजार आपल्या दारात आहे. शनिवार-रविवारी दिवेआगर, श्रीवर्धनला गाड्यांच्या रांगा लागतात. सोडे, सुकट, कोकम, आंबापोळी, रोठा सुपारीची छोटी पाकिटं या मालाला टॅरिफ नाही आणि मध्ये एजंट नाही. वजन, तारीख, अन्न नोंदणीचा क्रमांक लिहिलेलं साधं पाकीट असलं की पुण्या-मुंबईचा माणूस विश्वासाने घेतो. याने सगळा माल खपणार नाही, पण व्यापाऱ्यासमोर "मला आजच विकायचं नाही" असं म्हणायची ताकद येते.

हे करू नका

- घाबरून सगळा माल एकाच दिवशी विकू नका. सुपारी, काजू बी टिकतात. मासळी टिकत नाही, तिथे बर्फाचा खर्च धरून हिशोब करा.
- "निर्यात करून देतो, आधी पैसे भरा" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आयईसी क्रमांक मागा.
- फॉरवर्ड आलेल्या मेसेजवरून भाव ठरवू नका.
- टॅरिफ वाढलं म्हणून बी-बियाणं, खाद्य, औषध यांत उधारी वाढवू नका.

चौकशी कुठे करायची?

मासळीसाठी मत्स्यव्यवसाय खात्याचं कार्यालय आणि केंद्राचं सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण (एमपीईडीए). आंबा, काजू, प्रक्रिया मालासाठी तालुका कृषी कार्यालय आणि अपेडा. सुपारीच्या लागवडीसाठी श्रीवर्धनचं सुपारी संशोधन केंद्र. उद्योगासाठी अलिबागचं जिल्हा उद्योग केंद्र. शेतीच्या सर्वसाधारण माहितीसाठी किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

जाता जाता आमच्या सुपारीचं सांगतो. तो व्यापारी आठ दिवसांनी पुन्हा आला. मी पहिला प्रश्न विचारला, माल कुठे जातो? म्हणाला, नागपूरला. मग मी दुसरा विचारलाच नाही. भाव थोडा वर आला, मला हवा होता तेवढा नाही. निम्मी सुपारी दिली, निम्मी अजून खळ्यात वाळतेय. सुपारी दोन बाजूंनी पडत असते, बाजार खरंच मंद आहे, हे मलाही दिसतं. पण मंदी असेल तर मंदी सांगा. अमेरिकेचं नाव कशाला?

बाबांना सांगितलं, सुपारी नागपूरला जाते. ते म्हणाले, "मग तिकडे कुठला ट्रम्प बसलाय?"